पाचव्या बाटलीचा वास

डॉक्टर मॅडमनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "खाली वाका. पायाच्या बोटांकडे बघा. मी सांगेपर्यंत डोकं वर करायचं नाही."

मी वाकले. उजव्या नाकपुडीतून पाणी सुरू झालं, टप टप. मॅडमनी खाली काचेची छोटी बाटली धरली. पाणी नितळ होतं. शेंबडासारखी तार नाही, चिकटपणा नाही. बाटलीचा तळ भरला तसं त्यांनी बूच लावलं आणि विचारलं, कधीपासून येतं आहे?

"सर्दी झाली मॅडम. लय दिवस झाले, हटूनच नाही राहिली."

"डोक्याला मार लागला होता?"

"पडली मी. न्हाणीत."

त्यांनी माझ्या कपाळावर केसांच्या रेषेखाली बोट ठेवलं. तिथली जखम पिवळी पडत आली होती. मग त्यांनी स्कॅनची चिठ्ठी लिहिली. स्कॅनची प्लेट आली तेव्हा ती दिव्यावर लावून म्हणाल्या, "ही सर्दी नाही. मेंदूभोवतीचं पाणी तुमच्या नाकातून गळतं आहे. आज घरी जायचं नाही."

मॅडम हिंदीत बोलायच्या, मी मराठीत लिहिते आहे. त्यांनी सांगितलेला शब्द सी.एस.एफ. आपला मेंदू कवटीत कोरडा बसलेला नसतो, पाण्यात तरंगतो. त्या पाण्याचं हे नाव. नाकाचं छत आणि मेंदूचा तळ यांच्या मध्ये एक पातळ हाड असतं, त्याला भोकं भोकं असतात. क्रिब्रिफॉर्म प्लेट म्हणतात त्याला. आपण चाळणी म्हणू. माझी चाळणी तडकली होती.

शेजारच्या बिसाहिन दीदी माझ्याबरोबर आल्या होत्या. त्या रायपुरातल्याच, छत्तीसगढी बोलणाऱ्या. त्यांनी तोंडावर पदर धरला. "हाय दाई, मुड़ी के पानी?" डोक्यातलं पाणी? मॅडम म्हणाल्या, "हव. मुड़ी के पानी."

मार लागल्यावर ज्यांच्या नाकातून असं पाणी येतं, त्यांनी माझं ऐकावं म्हणून हे लिहायला बसले. माझी शाळा आठवीत सुटली. पण जे सोसलं ते सांगता येतं.

आम्ही आर्वीकडचे. नवऱ्याला नव्या रायपुरात ठेकेदाराकडे गाडी चालवायचं काम लागलं. साहेब लोकांना मंत्रालयात न्यायचं, परत आणायचं. शंकर नगरच्या मागे एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आम्ही खोली घेतली. मी दोन घरी स्वयंपाक करायचे. माहेर लांब. इथे माझं माणूस म्हणजे मुलगी गुड्डी आणि भिंतीपलीकडच्या बिसाहिन दीदी.

नवरा प्यायचा. महुआची. मोहाच्या फुलांची ती दारू इकडे सगळीकडे मिळते. आणि पिऊन आला की मारायचा. हातात काय येईल त्याने मारायचा. पट्टा, चप्पल, कुकरचं झाकण. एकदा माझी करंगळी दारात धरून दार लोटलं. ती अजून सरळ होत नाही.

पण माझं नाक फार तेज होतं. गल्लीच्या तोंडाशी तो आला की खिडकीतून मला आधी वास यायचा. नुसता महुआ असला तर तो जेवून झोपायचा. महुआ आणि वर गुटख्याचा वास असला म्हणजे तो कुणाबरोबर बसून वाद घालून आलेला. त्या दिवशी मार नक्की. तो दारात येईपर्यंत मी गुड्डीला मागच्या बाजूने दीदींकडे काढून द्यायची, गॅस बंद करायची, विळी लपवायची. गुड्डीला सांगायला लागायचं नाही. मी नाक वर करून हुंगलं की ती चप्पल घालायची. त्या नाकाच्या भरवशावर आम्ही दोघी जगत होतो.

त्या दिवशीही वास आला. गुड्डी गेली. शेगडीवर वरण होतं म्हणून मी राहिले आणि घाबरून दाराला कडी लावून घेतली. तीच चूक झाली.

"काहून व, दार काहून लावलं? मी चोर आहो काय?"

कडी काढली. त्याने वेणी मनगटाला गुंडाळली आणि माझं कपाळ दाराच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. मग परत. तिसऱ्या वेळी जो आवाज झाला तो कानातून आला नाही, आतून आला, वाळकी काडी मोडावी तसा. तोंडात रक्त उतरलं. मी खाली बसले तर त्याने बरगडीत लाथ घातली आणि वरणाची पातेली माझ्या पायाशी उलटी केली. पाय मी ओढून घेतला म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही डोळे खालून काळे पडले. त्यालाच भीती वाटली असावी. त्याने आपणहून बामची डबी आणून दिली.

चार-पाच दिवसांनी नाकातून पाणी सुरू झालं. मला वाटलं सर्दी. आमच्याकडे सर्दीला जे करतात ते सगळं मी केलं. बाम चोळला. टॉवेल घेऊन वाफ घेतली. हळकुंड दिव्यावर पेटवून त्याचा धूर नाकात ओढला. दिवसातून कितीतरी वेळा जोर लावून नाक शिंकरलं. आईने लहानपणी असंच केलं होतं, तिच्या आईनेही. कुणी सांगितलं नव्हतं की कधीकधी सर्दीसारखं दिसतं ते सर्दी नसतं.

हळदीचा धूर ओढला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला. पण वास आला नाही. बाम लावल्यावर नाक झोंबलं, पण बामचा वास नव्हता. मी मनाशी म्हटलं, झोंबतं आहे म्हणजे नाक चालू आहे. ते खरं नव्हतं. मॅडमनी नंतर समजावलं की झोंबणं, ठसका, कांद्याने डोळे भरून येणं हे वेगळ्या नसेचं काम. वासाची नस वेगळी. एक मेली तरी दुसरी चालू राहते आणि माणूस फसतो.

एका घरी कणिक मळायला वाकले तर परातीत नाकातलं पाणी पडलं. ती कणिक मी टाकून दिली. रात्री उताणी झोपले की घशात खारट पाणी उतरायचं. डोकं असं ठणकायचं की उजेड नको वाटायचा.

बिसाहिन दीदींनी वाळत घातलेला माझा रुमाल हातात घेऊन चुरगळून पाहिला. सर्दीचा रुमाल वाळला की कडक होतो. माझा मऊच होता. "ए बहिनी, ये सर्दी नोहे. चल मोर संग," म्हणाल्या आणि मला चप्पलही नीट घालू दिली नाही. त्यांनी नेलं म्हणून मी आहे. मी जोराने शिंकरत होते तेव्हा नाकातली घाण फुटलेल्या चाळणीतून मेंदूकडे ढकलत होते. तिकडे पू झाला असता तर मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा ताप. त्यात माणूस जातो.

वॉर्डात पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून ठेवली होती. वाकायचं नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायची, संडासला जोर करायचा नाही. पडून राहायचं आणि चाळणी आपोआप भरून येते का बघायचं. दिवस गेले, पाणी थांबलं नाही. उशीवर ओला डाग असायचाच. मग मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन करू. डोकं उघडायचं नाही. नाकातूनच दुर्बीण घालायची, मांडीतून पातळ पापुद्रा काढायचा आणि भोकावर ठिगळ लावायचं.

मी विचारलं, मेली तर पोट्टीचं काय? त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो हात मी विसरणार नाही.

शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही नाकपुड्या ठासून भरल्या होत्या आणि कुणीतरी तोंडावर बसल्यासारखं वाटत होतं. घशात रक्ताच्या गाठी. उलटी झाली तीही काळी. पण उशी कोरडी होती. सकाळी कोरडी, दुपारी कोरडी. मी ती पुन्हा पुन्हा चाचपून पाहायची.

नवरा भेटायला यायचा तेव्हा केळी आणायचा आणि सगळ्या वॉर्डाला वाटायचा. बाजूच्या पलंगावरची म्हणाली, "तुझा माणूस लय चांगला आहे." मी हो म्हणाले.

नाकातल्या पट्ट्या काढल्यावर काही दिवसांनी मॅडमनी डोळे मिटायला लावून एकेक बाटली नाकाशी धरली. हे काय? काही नाही. हे? काही नाही. हे? मी डोळे उघडले. कॉफी होती. मग साबण. मग लवंग. तिन्ही माझ्यासाठी रिकाम्या बाटल्या होत्या.

"अनोस्मिया," मॅडम म्हणाल्या. वास पूर्ण जाणं. मी रडायला लागले. त्यांना वाटलं स्वयंपाकाच्या कामासाठी रडते आहे. तेही होतंच. फोडणी करपली ते कळणार नाही, दूध नासलं ते कळणार नाही, गॅस गळला ते कळणार नाही. पण मला गल्लीचं तोंड दिसत होतं आणि गुड्डीची चप्पल.

त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. वास म्हणजे हवा नाही. लवंगेतून तिचे अगदी बारीक कण सुटतात, डोळ्याला न दिसणारे. श्वासाबरोबर ते नाकाच्या छताशी जातात. तिथे टिकलीएवढ्या दोन ओल्या जागा आहेत. त्या ओलाव्यात कण विरघळतो. खाली शेकडो प्रकारची कुलपं आहेत, रिसेप्टर म्हणतात त्यांना. कण ज्यात बसतो ती कुलपं उघडतात. एका कणाने एकच कुलूप उघडत नाही. लवंगेने काही उघडतात, लिंबाने दुसरी काही, त्यातली थोडी दोघांचीही. कोणती कोणती मिळून उघडली त्यावरून मेंदू ओळखतो की ही लवंग. कुलूप उघडलं की तिथून वीज निघते आणि केसाहून बारीक धाग्यांतून, त्या चाळणीच्या भोकांतून, वर मेंदूत जाते.

"तुमची कुलपं तशीच आहेत," मॅडम म्हणाल्या. "डोकं आपटलं तेव्हा मेंदूला आत हिसका बसला आणि चाळणीतले धागे तुटले. वारा सुटल्यावर खांबावरची तार तुटते तसे."

"परत येतीन?"

"हे धागे नव्याने वाढू शकतात. शरीरातल्या फार थोड्या नसांना ते जमतं. पण वाढतीलच असं मी सांगू शकत नाही. आणि नीट ऐका. ठिगळ ताजं आहे. आता डोक्याला एक जरी मार लागला तरी ते उघडेल. परत न्हाणीत पडायचं नाही."

हे म्हणताना त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. मी चादरीकडे पाहिलं.

घरी आल्यावर नवरा काही दिवस नीट वागला. मला भाजी चिरू देत नव्हता. गुड्डीसाठी गोल बाजारातून फ्रॉक आणला. मी स्वतःला समजावत होते की माझ्या डोक्याचं पाणी पाहून याच्या डोक्यातलं उतरलं असेल.

त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. गुड्डी मागे अभ्यास करत बसली होती. तो आत आला, चप्पल काढली, पाणी मागितलं. सगळं रोजच्यासारखं. मी तांब्या दिला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते आणि मला काहीही कळलं नाही. गुड्डी मात्र उठून भिंतीला टेकली. "मम्मी," ती हळूच हिंदीत म्हणाली, "पापा से आ रही है."

मी वळले तोवर तांब्या माझ्या खांद्यावर बसला. "पोट्टीले माझ्या मागं लावते काय?" त्याने लाटणं उचललं. मला एकच सुचलं. पिठाची परात उचलून डोक्यावर धरली आणि खाली बसले. तो परातीवर मारत सुटला. लाटणं पितळेवर आपटायचं आणि तो दणका दातांत यायचा. परात चेपत होती, पीठ माझ्या डोळ्यांत पडत होतं आणि मी एवढंच मोजत होते की ठिगळ, ठिगळ, ठिगळ. बोटं सोलली. मनगटावर लाटणं बसलं तिथे हाड तडकलं. मी परात सोडली नाही.

बिसाहिन दीदी आल्या त्या उकळत्या पेजेची पातेली घेऊन. फडक्याने धरलेली. "मार अब," त्या दारात उभ्या राहून त्याला म्हणाल्या. "मार के देखा." मारून दाखव. त्याने पातेलीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि लाटणं टाकलं. त्याच पावली आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. ती परात अजून त्यांच्या भिंतीला टेकून आहे. तिच्यात आता काही मळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आधी नाकात दुर्बीण घालून पाहिलं. ठिगळ जागेवर होतं. मी टेबलावर पडल्या पडल्या म्हणाले, "मॅडम, मी न्हाणीत नव्हती पडली."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणाल्याशिवाय मला कागदावर लिहिता येत नव्हतं."

त्यांनी लिहिलं. त्या कागदावर पुढे पोलिसांत तक्रार झाली. बायांनो, डॉक्टरला खरं सांगा. तुम्ही पडल्या म्हणालात की तुम्हाला ते पुन्हा तिथेच पडायला पाठवतात.

त्या दिवशीच त्यांनी वासाचा व्यायाम सांगितला. कोरोनात खूप लोकांचे वास गेले, त्यांनाही हाच दिला होता म्हणे. चार बाटल्या घ्यायच्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि हुंगताना तो वास मनात आठवायचा. कुलपं उघडत राहिली, मेंदू वाट बघत राहिला, तर धागे वाट शोधतात.

मी विचारलं, "पाचवी ठेवली तर चालते का?"

"कशाची?"

"महुआची. दारूची."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. मी म्हणाले, गुलाब नाही आला तरी माझं चालून जाईन, मॅडम. मले तोच पाहिजे. तो वास आला तर मी आधी पळू शकीन. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "जो वास तुम्हाला सगळ्यात जास्त आठवतो तो ठेवायला काहीच हरकत नाही."

दीदींनी कुठून तरी थोडी आणून होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून दिली. देताना म्हणाल्या, "दुनिया पीथे, तैं सूंघबे." लोक पितात, तू हुंगशील. आम्ही दोघी हसलो. त्या आजारपणातलं ते पहिलं हसू.

महिने गेले. रोज पाच रिकाम्या बाटल्या. मी डोळे मिटून महुआ आठवायची आणि त्याबरोबर चौकट आठवायची, वेणी आठवायची, आणि नाकात काही नाही.

मग एका सकाळी चहा उकळत होता आणि मला गटाराचा वास आला. मी दीदींना म्हणाले, नाली तुंबली. नाली कोरडी होती. वास चहाचा होता. कांदा परतला तर मेलेला उंदीर. साबण लावला तर जळकं रबर. कामाच्या घरी फोडणी टाकून मी मोरीत ओकायला धावायची. त्या घरच्या काकूंनी मला काढलं नाही. नाकाला बांधायला रुमाल दिला आणि मीठ-तिखट स्वतः चाखून सांगू लागल्या. दही-भात सोडून माझ्या पोटात काही टिकत नव्हतं. मला वाटलं मी आतून सडते आहे.

"पॅरोस्मिया," मॅडम आनंदाने म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. "चांगली खूण आहे ही. धागे वाढले. पण चुकीच्या जागी जोडले गेले. लाइनमनने घाईत तारा जोडल्या तर पंख्याचं बटण दाबल्यावर दिवा लागतो ना, तसं. कुलपं खरी उघडत आहेत, मेंदू चुकीचं नाव वाचतो आहे. आणि काही कण असे असतात की ते अगदी थोडे असले, दुसऱ्याला जाणवले नाहीत, तरी असं नाक ते पकडतं."

मी विचारलं, चुकीचं नाव रोज तेच राहते का? त्या म्हणाल्या, बहुतेक तेच राहतं, पुष्कळ दिवस.

घरी येऊन पाचवी बाटली उघडली. जळलेल्या केसांचा वास आला. संध्याकाळी उघडली, तोच. दुसऱ्या दिवशी, तोच. चहाचं गटार आणि कांद्याचा उंदीर मला नको होता. पण हा मी मुद्दाम पाठ केला. जळलेले केस म्हणजे महुआ. जळलेले केस म्हणजे पळ. लवंग तेवढी हळूहळू खरी यायला लागली. एक दिवस बूच काढलं आणि नाकात नुसती लवंग. मी ती बाटली डोळ्यांना लावली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझा दादा आर्वीहून आला. बरोबर माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि नवरा. भर दुपारी दीदींच्या परछीत, म्हणजे ओसरीत, सगळे बसले. समेट करायचा होता. खरं सांगायचं तर मी आदल्या दिवसापर्यंत हो म्हणायच्या बेतात होते. परक्याच्या घरी दोन जीव किती दिवस पडून राहणार? शाळेत गुड्डीला पोट्ट्या विचारायच्या, तुझे पापा कुठे असतात.

"होळीपासून थेंबाले शिवला नाही तो," जेठ म्हणाले. "इचार कोणालेही."

"सुनंदा, माणसाच्या हातून होऊन जाते," दादा म्हणाला. "लोकाच्या ओसरीत किती दिवस राहशीन?"

"मोर परछी टूटे नइ हे, भैया," दीदी आतून म्हणाल्या.

नवऱ्याने पांढरा शर्ट घातला होता. तो बारीक झाला होता. "मी सुधरलो," तो म्हणाला. "आईची आन. पोट्टीसाठी तरी चाल." आणि उठून माझ्या पायाशी वाकला.

आधी लवंगेचा वास आला. त्याच्या तोंडात लवंग होती. खरी, स्वच्छ लवंग, माझ्या तिसऱ्या बाटलीसारखी. मला बरं वाटलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि श्वास आत गेला.

लवंगेखालून जळलेले केस आले.

मी चुलीकडे पाहिलं. चूल विझलेली होती. कुठे काही जळत नव्हतं. गुड्डी दाराशी उभी होती. मी तिच्याकडे पाहून नाक वर केलं. ती चप्पल घालून मागच्या मागे निघून गेली.

"तुम्ही पिऊन आले," मी म्हणाले.

जेठ हसले. "इचं नाक त गेलं नं? डॉक्टरचा कागद दाखवते सगळ्याइले, अन् वास कुठून आला?"

"सुनंदा, उगाच काही बोलू नको," दादा म्हणाला.

"मले दारूचा वास नाही आला. जळलेल्या केसाचा आला." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हिचं डोकंही गेलं, असं. मी कोनाड्यातली पाचवी बाटली आणून बूच काढून दादाच्या नाकाशी धरली. "याचा कशाचा येते?"

"महुआचा. दारू आहे हे."

"मले याचा जळलेल्या केसाचा येते. रोज. अन् आता तोच येऊन राहिला, याइच्या तोंडातून."

नवऱ्याचा चेहरा मी पाहत होते. तो आधी हसला. मग हसू तिथेच राहिलं आणि डोळे बदलले. "काहून व," तो म्हणाला, अगदी दारातल्या त्या दिवसासारखा, "मले चार लोकात चोर ठरवते काय?" आणि त्याचा हात माझ्या वेणीवर आला.

मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसले. डोकं चौकटीकडे ओढलं गेलं. दादा मध्ये पडला. नवऱ्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला, दादाचा ओठ फाटला. दादाने त्याला मिठीत आवळून भिंतीशी दाबलं. दोघांची तोंडं जवळ आली. तिथे मी दादाचं नाक हललेलं पाहिलं.

"साल्या," दादा म्हणाला, "तू पिऊन आला."

जेठ उभे होते ते खाली बसले. त्यांनी पुन्हा कुणाला काही विचारायला सांगितलं नाही.

ते नवऱ्याला घेऊन गेल्यावर दादा नळावर ओठ धूत होता. पाणी लाल वाहत होतं. "मले आधी आलाच नाही गं वास," तो म्हणाला.

"तुझं नाक चांगलं आहे नं दादा," मी म्हणाले, "म्हणून लवंगेनं फसलं."

तो रडला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात माझ्याबरोबर आला आणि त्याने काय पाहिलं ते सांगितलं. मी त्याला दोष देत नाही. ज्याचं डोकं आपटलेलं नाही त्याला चौकट नुसती चौकट दिसते.

आता आम्ही दोघी वेगळ्या खोलीत राहतो, दीदींच्याच पाऱ्यात. मॅडमनी माझी ओळख दिली म्हणून नव्या रायपुरातल्या एका कँटीनमध्ये पोळ्या करायचं काम मिळालं. बस कमी, रस्ते रुंद, उन्हात उभं राहावं लागतं. तक्रार नाही. माझ्या हातावर हात ठेवणाऱ्या मॅडमचे, उशी बदलणाऱ्या सिस्टरांचे, रुमाल देणाऱ्या काकूंचे आणि पेजेची पातेली घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बिसाहिन दीदींचे उपकार मी फेडू शकत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. आणि मार खाल्ल्यावर नाकातून पाणी आलं तर शिंकरू नका. धूर ओढू नका. वाकून पाहा, नितळ पाणी टपकलं तर उठा आणि दवाखान्यात जा.

लिंबू आता बरोबर येतं. गुलाब अर्धा येतो. चहा अजून प्यायला जमत नाही. मागच्या खेपेला मॅडम म्हणाल्या, हळूहळू बाकीचे वासही जागेवर येतील. मग त्यांनी विचारलं, पाचवी बाटली अजून हुंगता का? आता सोडली तरी चालेल.

मी सोडलेली नाही. सकाळी चार बाटल्या झाल्या की तिचं बूच काढते. जळलेले केस. बूच लावते, बाटली कोनाड्यात ठेवते, गुड्डीची वेणी घालते आणि कामाला निघते.